मुंबई इंडियन्सचा २०१५ चा हंगाम : गुणतालिका वाचू या, मग प्रगतिपत्रक



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गाची दशांश अपूर्णांकांवर २० गुणांची चाचणी घेतली होती. त्यात एका मुलाला ६ गुण पडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, याला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला नका बसवू. पहिल्याच चाचणीत सहा मार्क. उगं त्याचाबी वेळ जायचा अन् तुमचाबी. गणित काय त्याच्या डोक्यात शिरत नाही." मुलगा दाराबाहेर उभा होता. सगळं ऐकत होता.

मी म्हटलं, "दादा, मला आठ दिवस द्या. मग ठरवू."

खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत काय करायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं. पोरगं क्रिकेटवेडं. वहीच्या मागच्या पानावर मुंबई इंडियन्सचे स्कोअर लिहिलेले असायचे. म्हटलं, चला, इथूनच सुरुवात करू. आयपीएलचा एक अख्खा हंगाम फळ्यावर मांडला आणि वर्गाला वाचायला दिला. हंगाम निवडला २०१५ चा. का, ते पुढे कळेलच. हा पाठ तुम्हालाही वर्गात किंवा घरी घेता येईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम समजून घेऊ

२०१५ च्या आयपीएलमध्ये ८ संघ होते. साखळी फेरीत प्रत्येक संघाचे १४ सामने. जिंकलं की २ गुण, हरलं की ०, पावसाने सामना वाया गेला की दोघांना १-१ गुण. पहिले चार संघ पुढे जाणार. त्यातही पहिल्या दोघांना जास्तीचा फायदा असतो. ते आधी एकमेकांशी खेळतात, जिंकेल तो थेट अंतिम फेरीत, आणि हरेल त्याला आणखी एक संधी. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या संघांना मात्र एकदा हरलं की घरी जावं लागतं.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर? त्या हंगामात आधी कोणी जास्त सामने जिंकले ते पाहिलं गेलं, आणि तेही सारखे असतील तर निव्वळ धावगती, म्हणजे आपण ज्याला नेट रन रेट म्हणतो ती. हा नियम लक्षात ठेवा. पुढे त्याचीच गंमत आहे.

हंगाम जसा घडला तसा

फळ्यावर मी फक्त दोन अक्षरं लिहिली. जिंकले तर 'जि', हरले तर 'ह'. मुंबईचे १४ साखळी सामने क्रमाने असे होते :

ह, ह, ह, ह, जि, ह, जि, जि, जि, जि, जि, ह, जि, जि

पहिल्या सहा अक्षरांवर हात ठेवून मी विचारलं, "एवढंच पाहिलं तर हा संघ कसा वाटतो?" सगळा वर्ग ओरडला, "कच्चा!"

आकडेही तसेच होते. ८ एप्रिलला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पहिला सामना. कर्णधार रोहित शर्माने नाबाद ९८ केल्या, तरी कोलकाता नाईट रायडर्स ७ गडी राखून जिंकले. मग वानखेडेवर पंजाबकडून १८ धावांनी हार. त्या सामन्यात हरभजनसिंगने २४ चेंडूंत ६४ धावा कुटल्या, पण उपयोग झाला नाही. नंतर राजस्थान रॉयल्सने ७ गडी राखून हरवलं. चौथ्या सामन्यात मुंबईने १८३ केल्या, चेन्नई सुपर किंग्जने त्या १६.४ षटकांतच पार केल्या. पाचव्या सामन्यात बंगळुरूला १८ धावांनी हरवलं, सहाव्यात दिल्लीकडून ३७ धावांनी हरले. सहा सामने, दोन गुण.

आणि पुढच्या आठपैकी सात सामने जिंकले! १४ सामन्यांत ८ विजय, १६ गुण, तालिकेत दुसरा क्रमांक. मग चेन्नईला २५ धावांनी हरवून थेट अंतिम फेरीत. २४ मे रोजी अंतिम सामन्यात पुन्हा चेन्नईच. मुंबई ५ बाद २०२, चेन्नई ८ बाद १६१. ४१ धावांनी विजय आणि २०१३ नंतरचं दुसरं विजेतेपद. मैदान कुठलं? तेच ईडन गार्डन्स, जिथे पहिला सामना हरले होते.

मधे बदललं काय?

इथे आपण शिक्षक मंडळी एक घाई करतो. "बघा मुलांनो, प्रयत्न केले की यश मिळतं" असं म्हणून पाठ संपवतो. पण पहिल्या चार सामन्यांत त्यांनी प्रयत्न केले नव्हते का? नाबाद ९८ आणि २४ चेंडूंत ६४ ही काय आळशी माणसांची कामं आहेत? प्रयत्न आधीही होते. बदललं ते दुसरंच.

पहिलं म्हणजे सलामी. ॲरन फिंचला दुखापत झाली आणि तो हंगामातून बाहेर पडला. त्याच्या जागी वेस्ट इंडीजचा लेंडल सिमन्स आला. त्याच्यासोबत पार्थिव पटेल खेळू लागला आणि रोहित स्वतः सलामी सोडून खालच्या क्रमांकावर आला. कर्णधाराने आपली जागा बदलली, हे मुलांना आवर्जून सांगा. सिमन्सने त्या हंगामात १३ सामन्यांत ५४० धावा केल्या. रोहितच्या १६ सामन्यांत ४८२ झाल्या.

दुसरं म्हणजे गोलंदाजी. लसिथ मलिंगा होताच, त्याने २४ बळी घेतले. त्याच्या जोडीला न्यूझीलंडचा मिचेल मॅक्लेनघन आला. तो पहिल्या काही सामन्यांत संघात नव्हता, तरी त्याने १८ बळी मिळवले. हरभजननेही १८ घेतले.

तिसरं म्हणजे नव्या पोरांवर टाकलेला विश्वास. हार्दिक पंड्याचा तो पहिलाच आयपीएल हंगाम. चेन्नईविरुद्ध त्यांच्याच मैदानावर ८ चेंडूंत नाबाद २१, आणि कोलकात्याविरुद्ध ३१ चेंडूंत नाबाद ६१.

म्हणजे संघ तोच होता, पण कोण कुठे खेळणार हे बदललं. चूक नेमकी कुठे आहे ते शोधलं आणि तेवढंच दुरुस्त केलं. प्रशिक्षक रिकी पॉन्टिंगचा मुंबईचा मुख्य प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच हंगाम होता. पहिले चार सामने हरल्यावर अख्खा संघ मोडीत काढण्याचा मोह कुणालाही झाला असता.

आता गणित : धावगती वजा, तरी विजेते!

हा हंगाम मी निवडला तो या भागासाठी. साखळी फेरीनंतरचे पहिले चार संघ पाहा :

चेन्नई : ९ विजय, १८ गुण, धावगती +०.७०९
मुंबई : ८ विजय, १६ गुण, धावगती −०.०४३
बंगळुरू : ७ विजय, १६ गुण, धावगती +१.०३७
राजस्थान : ७ विजय, १६ गुण, धावगती +०.०६२

मुंबईची धावगती चक्क वजा आहे. बंगळुरूची त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस. तरी मुंबई वर, कारण गुण सारखे असले तरी मुंबईचे विजय ८ आणि बंगळुरूचे ७. बंगळुरू आणि राजस्थानला प्रत्येकी दोन गुण मिळाले ते निकाल न लागलेल्या सामन्यांचे.

निव्वळ धावगती काढायची रीत सोपी आहे. आपण केलेल्या एकूण धावा भागिले आपण खेळलेली षटकं. त्यातून वजा करायचं प्रतिस्पर्ध्यांनी केलेल्या एकूण धावा भागिले त्यांनी खेळलेली षटकं. संघ सर्वबाद झाला असेल तर त्याची पूर्ण २० षटकं धरायची.

मुंबईच्या १४ सामन्यांची बेरीज :
मुंबईने केलेल्या धावा २३४५, षटकं २७२.४
मुंबईविरुद्ध झालेल्या धावा २३७१, षटकं २७४.२

बघा, मुंबईने जेवढ्या धावा केल्या त्यापेक्षा २६ धावा जास्त दिल्या. पूर्ण साखळी फेरीत धावा कमी करूनही विजय मात्र जास्त! असं कसं? कारण त्यांचे बरेचसे विजय छोटे होते, ८ धावांनी, ५ धावांनी, २० धावांनी, आणि पराभव मोठे. १० मे रोजी वानखेडेवर एबी डिव्हिलियर्सने ५९ चेंडूंत नाबाद १३३ केल्या, बंगळुरूच्या १ बाद २३५ झाल्या. मुंबई १९६ वर थांबली. ३९ धावांची हार. धावगतीत अशी एक हार अनेक छोटे विजय खाऊन टाकते. पण तालिकेत ती एकच हार असते. ३९ धावांनी हरा नाहीतर १ धावेने, गुण शून्यच.

सरासरी एक गोष्ट सांगते आणि मोजणी दुसरी. दोन्ही खऱ्या. आपण कुठला प्रश्न विचारतोय त्यावर कुठला आकडा पाहायचा ते ठरतं.

२७२.४ म्हणजे किती?

आता वर्गातली खरी गोष्ट. मुलांनी २३४५ ला थेट २७२.४ ने भागलं. दोन्ही बाजूंनी तसं केलं की उत्तर येतं −०.०३८. पण तालिकेत −०.०४३ आहे. चुकलं कुठे?

षटकात चेंडू सहा असतात. २७२.४ षटकं म्हणजे २७२ षटकं आणि ४ चेंडू. ४ चेंडू म्हणजे षटकाचे ४/६, म्हणजे ०.६६७. म्हणून भागायचं २७२.६६७ ने. तसंच २७४.२ म्हणजे २७४.३३३. आता करा : ८.६००२ वजा ८.६४२८. उत्तर −०.०४३. बरोब्बर!

पूर्णांकानंतरचं टिंब दिसायला सारखं, पण षटकांतलं टिंब सहाचं आणि दशांशातलं टिंब दहाचं.

हे समजावताना मी सहज विचारलं, "चेन्नईने १६.४ षटकांत सामना जिंकला. २० षटकांतली किती उरली?" वर्ग म्हणाला, ३.६. आणि तो सहा गुणवाला मुलगा पटकन म्हणाला, "नाही बाई, ३.२. वीस बॉल राहिले."

मी क्षणभर थांबले. उत्तर बरोबर होतं. दुपारच्या सुट्टीत त्याची चाचणीची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. पहिल्यांदा तपासताना मी नुसत्या लाल फुल्या मारल्या होत्या. आता नीट वाचली.

२.४ + १.३ चं उत्तर त्याने लिहिलं होतं ४.१.
५.२ − १.४ चं उत्तर ३.४.
३.५ + ०.१ चं उत्तर ४.०.
आणि १.२ + २.१ चं उत्तर ३.३, जे बरोबर होतं.

तुम्हीही करून पाहा. २ षटकं ४ चेंडू अधिक १ षटक ३ चेंडू म्हणजे १६ आणि ९, एकूण २५ चेंडू, म्हणजे ४.१ षटकं! पोरगं सगळी गणितं षटकांत करत होतं. जिथे हातचा येत नव्हता तिथे उत्तर आपोआप बरोबर आलं होतं, त्याचेच ते ६ गुण. २.७ सारखी संख्या आली की त्याने जागा कोरी सोडली होती. साहजिकच आहे. सातवा चेंडू कुठून आणायचा?

ज्याला मी 'दशांश येत नाही' असं मनात लिहून टाकलं होतं, तो मुलगा सहाच्या पटीतला हातचा तोंडी करत होता. चूक एकच होती आणि ती सगळीकडे सारखी होती. ती मला आधीच दिसायला हवी होती. मी फक्त बेरीज वाचली, सहा, आणि पुढच्या पेपराकडे वळले. त्याच्या वडिलांनी तरी वेगळं काय केलं होतं?

दुसरी बाजूही सांगायला हवी

मुलांशी खोटं बोलू नये, म्हणून हेही फळ्यावर लिहिलं. सुरुवातीला हरणारा प्रत्येक संघ शेवटी जिंकत नाही. किंग्ज इलेव्हन पंजाबचंच घ्या. २०१४ मध्ये साखळीत ११ विजयांसह पहिला क्रमांक आणि शेवटी उपविजेते. २०१५ मध्ये त्याच संघाचे ३ विजय, ११ पराभव आणि तालिकेत तळ. याच पंजाबने एप्रिलमध्ये मुंबईला हरवलं होतं. मागचं यश पुढची हमी देत नाही, आणि मागचं अपयशही देत नाही.

शिवाय मुंबईचं सगळं किती थोडक्यात निभावलं ते पाहा. १४ मे, कोलकात्याविरुद्ध वानखेडेवर. शेवटच्या षटकात कोलकात्याला १२ धावा हव्या होत्या. चेंडू कायरन पोलार्डच्या हातात. त्याने ६ च दिल्या आणि मुंबई ५ धावांनी जिंकली. समजा तो सामना हरले असते तर? बाकीचे निकाल तेच धरले तर मुंबईचे १४ गुण, कोलकात्याचे १५ ऐवजी १७. मुंबई पहिल्या चारांतही नसती. अख्ख्या हंगामाचा फरक पाच धावांचा! म्हणून विजेत्या संघाच्या प्रत्येक गोष्टीला 'यशाचं रहस्य' म्हणायची घाई नको. मेहनत असते, नीट केलेला बदल असतो, आणि थोडा नशिबाचा भागही असतो. मुलांना हे सांगितलं तर त्यांना वाईट वाटत नाही. उलट हरल्यावर ती स्वतःला कमी दोष देतात.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. हंगाम मांडा : कुठल्याही संघाचे एका हंगामातले निकाल 'जि' आणि 'ह' असे क्रमाने लिहा. पहिल्या पाचांवर कागद झाका, मग शेवटच्या पाचांवर. दोन्ही वेळा संघाबद्दल मत विचारा. मत का बदललं यावर बोलू द्या.

२. दोन टिंबं : १६.४ षटकं आणि १६.४ मीटर शेजारी शेजारी लिहा. दोन्हीत ०.३ मिळवायला सांगा. १६.४ षटकं अधिक ०.३ म्हणजे १७.१ षटकं, आणि मीटरमध्ये १६.७. वेळेचंही असंच असतं, तिथे टिंब साठचं. ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्या मुलांना एसटीच्या वेळापत्रकावरून हेच शिकवता येतं.

३. चुकांची यादी : चाचणीनंतर गुण सांगण्याआधी मुलाला चुकलेलं एक उदाहरण तोंडी सोडवायला सांगा. "कसं केलंस?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकासोबत हे जमत नाही, मला माहीत आहे. ज्या पाच जणांचे गुण सर्वांत कमी, त्यांच्यापुरतं तरी करू.

४. पालकांसाठी : प्रगतिपत्रक हातात आलं की एकूण गुण बोटाने झाका. आधी विषयवार पाहा, मग मागच्या वेळचं शेजारी ठेवून पाहा. आणि मूल ऐकत असताना "याच्या डोक्यात शिरत नाही" हे वाक्य तेवढं टाळा. ते वाक्य मात्र डोक्यात नक्की शिरतं.

आठ दिवसांनी ते दादा पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर उत्तरपत्रिका ठेवली आणि मुलालाच सांगायला लावलं. त्याने २.४ + १.३ आधी षटकांत करून दाखवलं, मग दशांशात. वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजी गणित येत होतं, पण दुसऱ्याच सामन्याचं." मी हसले. पुढच्या चाचणीत त्याला १३ पडले.

शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत त्याचं नाव आलं नाही, हेही सांगते. पण जादा तासाला तो शेवटच्या दिवसापर्यंत आला, आणि निकालाच्या दिवशी त्याने मला विचारलं, "बाई, आठवीला परत असते ना ही परीक्षा?"

तेव्हा असायची. त्याला मी तसं सांगितलं.